निर्जंतुक माती

अठ्ठावीस वर्षांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी एक नवस केला होता आणि तो इतका मनापासून फेडत आणला होता, की देवालाही एखादे दिवशी वाटलं असेल, बाई, आता पुरे.

(त्या स्वतः डॉक्टर नव्हत्या. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, पदवी लग्नात मिळालेली. दातांच्या डॉक्टरांची बायको म्हणजे डॉक्टरीणबाई, हे गल्लीनेच परस्पर ठरवून टाकलं होतं.)

तेव्हा दवाखाना नुकताच उघडला होता. वर घर, खाली दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत बाकं, आतल्या खोलीत खुर्ची. पहिले एकोणीस दिवस कोणी फिरकलं नाही. एक गृहस्थ आले, पण ते शिंप्याचं दुकान विचारायला. विसाव्या दिवशी एक तरुण हवालदार गालाला हात लावून आला, डॉक्टरांनी त्याची दाढ काढली, तो पैसे देऊन गेला, आणि तिसऱ्या दिवशी त्याचा गाल फुगून एवढा झाला की टोपी कलती बसायला लागली. डॉक्टर औषध देऊन गप्प बसले. डॉक्टरीणबाईंना मात्र घास उतरेना. त्यांनी देवापुढे हात जोडले आणि म्हणाल्या, "एवढा याचा गाल उतरू दे. हा दवाखाना यांच्या हातात असेपर्यंत माझ्या हाताने उकळल्याशिवाय आतल्या खोलीत एक वस्तू जाणार नाही."

चौथ्या दिवशी गाल उतरला. नवस चढला.

सुरुवातीला स्वयंपाकघरातला कुकर होता. सकाळी आधी चिमटे, आरसे, सुया. मग तो घासून त्यात डाळ-भात. पुढे वाफेचं यंत्र आलं, कुकरचा थोरला भाऊच तो, तेव्हा बाईंनी देवाला विचारून घेतलं की बटण दाबलेलं उकळल्यात धरशील ना. देवाने हरकत घेतली नाही. मग त्यांनी वस्तू शब्दाची व्याप्ती वाढवत नेली. उशीचा अभ्रा, बोलवायची घंटा, डॉक्टरांचं पेन. एका वर्षी नवं कॅलेंडरही यंत्रात घातलं. मार्चपासून पुढचे महिने एकमेकांना चिकटले, आणि त्या वर्षी डॉक्टर रविवारीही दवाखाना उघडून बसायचे.

खुर्चीसमोर माशांची टाकी आणली तेव्हा मात्र पंचाईत झाली. पाच नारिंगी मासे. त्यांना उकळणार कसं? दोन दिवस विचार करून बाईंनी देवाकडून त्यांच्यासाठी सूट मिळवली : ते आधीपासूनच पाण्यात आहेत, तेव्हा थोडं कमी-जास्त तापमान सोडून द्यावं. बाकी टाकीतले खडे, प्लॅस्टिकची झाडं आणि पाणबुड्याचं खेळणं रीतसर उकळून आत गेलं. उकळताना पाणबुड्याच्या तोंडावरचा रंग गेला. तेव्हापासून तो तोंड नसलेला पाणबुड्या, तोंड उघडून पडलेल्या माणसांकडे बघत उभा होता.

त्या टाकीने मात्र काम केलं. सुई बघून पांढरी पडणारी माणसं माशांकडे बघत राहायची आणि दात कधी निघाला ते त्यांना कळायचं नाही. हवालदार तर म्हणायचा, चोरांना मी भीत नाही, पण ते मासे नसते तर या खुर्चीत मला चार शिपायांनी आणावं लागलं असतं.

असं सगळं चाललं होतं, आणि मग गेल्या वर्षी डॉक्टरांचा हात थरथरायला लागला.

आधी बशीत कप वाजायचा. बाई म्हणायच्या, कपच हलका आहे. मग सहीची शेपटी लांबायला लागली. डॉक्टर काही बोलत नव्हते. पेशंटही भले, तेही काही बोलत नव्हते. पुढच्या महिन्यात येतो म्हणायचे आणि यायचे नाहीत. एके दिवशी हवालदार खुर्चीत बसला. आता त्याच्याही मिशा पांढऱ्या. त्याने तोंड उघडलं, आरसा धरलेला हात जवळ येताना पाहिला, आणि हळूच तोंड मिटलं. म्हणाला, डॉक्टर, गंमत बघा, दुखायचं थांबलंच. डॉक्टर म्हणाले, बरं झालं. हवालदार उठून गेला. डॉक्टरांनी आरसा ट्रेमध्ये ठेवला. तो ठेवतानाही वाजला.

त्या संध्याकाळी त्यांनी दवाखाना सोडायचं ठरवलं.

बाईंनी देवाला दोष दिला नाही. त्यांनी स्वतःला दिला. आपल्या हातून कुठली वस्तू न उकळता आत गेली असेल, हे त्या रोज आठवत बसायच्या. गेल्या वर्षी दुरुस्तीला आलेल्या माणसाचा स्क्रूड्रायव्हर? पावसातून आलेली ती छत्री? भाजी चिरता चिरता त्या थांबायच्या आणि मनातल्या मनात आतल्या खोलीत जाऊन एकेक वस्तू तपासायच्या. हे त्यांनी डॉक्टरांना कधी सांगितलं नाही.

दवाखाना घेणाऱ्या नव्या मॅडम चुणचुणीत आणि मायाळू होत्या. त्यांनी खुर्ची पाहिली, आवडली. यंत्र पाहिलं, आवडलं. टाकीपाशी त्या थांबल्या. पाणबुड्याने त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी पाणबुड्याकडे. म्हणाल्या, राग मानू नका सर, पण ही काढावी लागेल. जिवंत रोपांची असती तर मी ठेवलीच असती, प्लॅस्टिक मला बघवत नाही. डॉक्टर म्हणाले, अर्थात, अर्थात. रात्री ते एका पोळीवर उठले.

दुसऱ्या दिवशी चहा घेताना (कप आता अर्धाच भरायचा, असं न बोलता ठरलेलं होतं) ते म्हणाले, "अगं, सहा आठवडे आहेत. आपण टाकीत खरी रोपं लावू."

एवढंच. पण कितीतरी महिन्यांत त्यांनी स्वतःहून काढलेला तो पहिला विषय होता. त्या खोलीत आपल्या हातचं काहीतरी राहावं, एवढीच त्यांची इच्छा आहे, हे बाईंना कळलं. त्या लगेच हो म्हणाल्या. त्यात काय, रोपं आणायची आणि खोचायची, असं दोघांनाही वाटलं.

पाळीव माशांच्या दुकानाच्या मालकाला सगळे टाकीवाले म्हणत. त्यांनी दोघांना स्टुलावर बसवलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, खाली काय घालणार? डॉक्टर म्हणाले, खडे आहेत. टाकीवाल्यांनी डोळे मिटले. म्हणाले, खड्यांवर रोपं म्हणजे फरशीवर शेती. मग त्यांनी तीन मार्ग सांगितले. एक, खडेच ठेवा आणि मुळांपाशी खताच्या गोळ्या पुरा. दोन, साधी बागेतली माती चाळून खाली आणि वर जाडसर वाळू. स्वस्त, पण हात लावला की गढूळ. तीन, ही पिशवी. भाजलेल्या चिकणमातीचे काळे दाणे, मोहरीपेक्षा थोडे मोठे, आत सगळं पोषण भरलेलं.

घरी तीन दिवस हाच विषय. डॉक्टर कागदावर आकृत्या काढत होते. त्या रेषाही थरथरत होत्या, पण पाण्यातली झाडं तशीच दिसतात, त्यामुळे आकृत्या उत्तम आल्या. मुळाशी गोळ्या पुरायला त्यांचा सक्त विरोध. जन्मभर मुळांत औषधंच भरली, ते म्हणाले, आता एक तरी मूळ मला निरोगी बघू दे. बागेतल्या मातीला बाईंचा विरोध, कारण बागेत मांजरं जातात. राहिली पिशवी. डॉक्टर दाणे तळहातावर घेऊन म्हणाले, "हिरडी चांगली असली की दात आपोआप धरतो. ही बघ, ही हिरडी आहे."

असं ते पूर्वी तासन्‌तास बोलायचे. बाईंनी ती पिशवी देवापुढे ठेवली, मग दवाखान्यात नेली.

पिशवीवर बारीक अक्षरात लिहिलं होतं : धुऊ नका. बाईंनी ते चष्मा लावून दोनदा वाचलं. धुऊ नका म्हटलंय, त्यांनी विचार केला. उकळू नका असं कुठे म्हटलंय?

रविवार होता. मासे वर मोरीतल्या टबात हलवले होते, फिल्टरसकट. डॉक्टर रोपं आणायला गेले होते. टाकी रिकामी, घासून लख्ख. बाईंनी पिशवीतली माती पाच स्वच्छ कापडांत बांधली, एकेक पुरचुंडी यंत्रात रचली, झाकण आवळलं, बटण दाबलं आणि हात जोडले. या वेळी काही सुटायला नको होतं. एक दाणासुद्धा नाही.

यंत्राने आधी गुरगुर केली. मग त्याच्या पोटातून खदखद असा आवाज आला. हा आवाज बाईंच्या ओळखीचा होता, पण दवाखान्यातला नव्हता. पिठलं आळताना येतो तो. दाबाचा काटा चढत गेला. वेळ झाल्यावर त्यांनी नेहमीप्रमाणे वाफ सोडायला झडप उघडली.

वाफ आली नाही. क्षणभर काहीच आलं नाही. मग एकदम काळ्या-तपकिरी चिखलाचा फवारा सुटला आणि समोरच्या भिंतीवर पंख्यासारखा पसरला. त्या भिंतीवर निरोगी दातांचा मोठा तक्ता होता. बत्तीसच्या बत्तीस दात एका दमात किडले. उरलेला चिखल खुर्चीवर, दिव्यावर आणि डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटावर बसला. झडप पुन्हा बंद होईना. बाईंनी वायर काढली, पदर तोंडाला लावला आणि त्या तशाच जमिनीवर बसून राहिल्या.

यंत्र थंड झाल्यावर झाकण उघडलं. आत पाच पुरचुंड्या नव्हत्या. काळी लापशी होती, आणि तीत पाच फडकी.

डॉक्टर रोपांची पिशवी घेऊन दारात उभे राहिले. त्यांनी भिंत पाहिली, कोट पाहिला, यंत्रात डोकावून पाहिलं. मग ते तक्त्याजवळ गेले, निरखून पाहिलं आणि म्हणाले, "यांना फार उशिरा आणलंत."

आणि ते हसायला लागले. खुर्चीच्या हाताला धरून, डोळे पुसत, किती महिन्यांनी कुणास ठाऊक. बाईंनाही हसू यायला हवं होतं. त्यांना रडू आलं.

"पूर्ण उकळली होती हो," त्या म्हणाल्या. "यावेळी काहीच सोडलं नव्हतं मी. मागे कधीतरी सुटलं असणार. म्हणूनच तुमचा हात…"

डॉक्टरांचं हसू थांबलं. इतके महिने ही काय शोधत होती, ते त्यांना आत्ता कळलं. ते तिच्याजवळ जमिनीवर बसले. गुडघे वाजले.

"अगं, हात म्हातारा झाला," ते म्हणाले. "मीही झालोय, तू बघितलं नाहीस का?"

दोघं चिखलात बसली होती, रोपांची पिशवी दोघांच्या मध्ये.

टाकीवाले संध्याकाळी बघायला आले. त्यांनी लापशी बोटाने हलवली, वास घेतला आणि टोपी काढली. म्हणाले, तीस वर्षं माती विकतोय, शिजवलेली पहिल्यांदाच बघतोय. पण मग त्यांनी धीर दिला. दाणे मोडले, पण पोषण कुठे जात नाही. हीच खाली बोटभर थापा आणि वर दोन बोटं जाडसर वाळू टाका. दुसरा मार्ग तिसऱ्या मार्गाच्या पैशांत झाला, एवढंच. फक्त एक अडचण आहे.

"वहिनी, यातलं जिवंत होतं ते सगळं मेलं. टाकी चालते ती त्या न दिसणाऱ्या जिवांवर. माशांची घाण तेच पचवतात. ते आता बाहेरून आणावे लागतील."

कुठून आणायचे, बाईंनी विचारलं. टाकीवाल्यांनी वर बोट केलं. मोरीतल्या टबात फिल्टर चालू होता, त्याच्यातला स्पंज. सगळ्यात घाण, बुळबुळीत, बारा वर्षांचा. तो अर्धा कापायचा आणि या टाकीत पिळायचा. न धुता. आणि उकळून तर मुळीच नाही.

दुसऱ्या दिवशी तो स्पंज भांड्यात घेऊन बाई आतल्या खोलीच्या उंबरठ्यावर उभ्या राहिल्या. टाकीत वाळू पसरून झाली होती, वर वीतभर पाणी. पाय पुढे पडेना. अठ्ठावीस वर्षं राखलेला शब्द होता तो, आणि यांच्या हातात दवाखाना अजून महिनाभर होता. त्या आत असलेल्या डॉक्टरांना म्हणाल्या, यात जंतू आहेत. डॉक्टर म्हणाले, हो, पुष्कळ आहेत. मग म्हणाले, मी ज्यांना मारत बसलो ते वेगळे, आणि मुळांना लागतात ते वेगळे. इतक्या वर्षांत मला दुसरे भेटलेच नाहीत.

बाईंनी डोळे मिटून देवाला सांगितलं, हे आणि ती रोपं माझ्या नावावर मांड, यांच्या नको. आणि उंबरठा ओलांडून स्पंज पिळला. पाण्यात तपकिरी ढग उतरला. काही कोसळलं नाही.

मग रोपं लावायची वेळ आली. डॉक्टरांनी आपला सर्वांत लांब, वाकड्या टोकाचा चिमटा घेतला. पहिलं रोप वाळूत खोचलं, हात काढताना थरथरला, रोप वर आलं. पुन्हा खोचलं, पुन्हा वर. चौथ्यांदा सात-आठ काड्या पाण्यावर तरंगत होत्या, नुकत्याच दाढ काढलेल्या पेशंटासारख्या बावरलेल्या. डॉक्टरांनी चिमटा टेबलावर ठेवला. तो वाजला.

"तू लाव," ते म्हणाले.

बाईंनी आजवर हजारो वेळा तो चिमटा उकळला होता. कामासाठी हातात कधी धरला नव्हता. डॉक्टर शेजारच्या स्टुलावर बसले आणि हळू आवाजात सांगत गेले : मुळाच्या जरा वर पकड. तिरपं घाल. आता चिमटा सैल कर, सरळ ओढू नको, बाजूने काढ. घाई नको, पेशंट कुठे जात नाही. त्यांचे दोन्ही हात मांडीवर थरथरत होते आणि आवाज अगदी स्थिर होता. पाच वाजता सुरू केलेलं काम दिवे लागायच्या आधी संपलं. पुढची रांग वाकडी आली. डॉक्टर म्हणाले, तार लावून घेऊ.

यंत्राची झडप दुरुस्त व्हायला आठवडा लागला. तोवर बाईंनी माळ्यावरचा जुना कुकर काढला आणि होती नव्हती ती हत्यारं पहिल्या दिवसांसारखी चुलीवर उकळली. (वापरायला कोणी आलं नाही. पण नवस नवस असतो.)

दोन आठवडे टाकीतलं पाणी ताकासारखं राहिलं. तिसऱ्या आठवड्यात काही पानं वितळून गेली आणि बाई देव पाण्यात घालून बसल्या. डॉक्टर रोज सकाळी खाली जाऊन थोडं पाणी बदलायचे. बादली दोघं मिळून धरायची. पाचव्या आठवड्यात पाणी निवळलं. वाकड्या रांगेतल्या एका काडीला नखाएवढं हिरवं पान फुटलेलं दिसलं. टाकीवाल्यांनी पाणी तपासून मासे सोडायला हरकत नाही म्हटलं. पाचही मासे आले, आणि पाणबुड्या नाही म्हणून थोडा वेळ कोपऱ्यात घोटाळले.

पहिल्या तारखेला नव्या मॅडम आल्या. टाकीपुढे उभ्या राहिल्या. फार सुंदर नव्हती ती. मधेमधे टक्कल होतं. मॅडम म्हणाल्या, ही इथेच राहील, सर. तक्ता मात्र काढते हं. तक्त्याचे डाग काही गेले नव्हते.

त्यांचा पहिला पेशंट हवालदार. दुखायचं थांबलेली दाढ अर्थातच थांबलेली नव्हती. तो खुर्चीत बसला, सुई पाहिली आणि पांढरा पडला. मॅडमनी त्याला माशांकडे बघायला सांगितलं. तो बघत होता, तरी हात कापत होता. तेव्हा दारात उभे असलेले डॉक्टर आत आले, स्टूल ओढून बसले आणि त्याचा हात धरला. दोन हात एकमेकांत धरलेले होते आणि थरथरत होते. कोणाचा कोणामुळे, ते सांगता आलं नसतं. दाढ निघाली. हवालदाराला कळलं नाही. डॉक्टर त्याचा हात सोडायचं विसरून टाकीतल्या त्या एका पानाकडे बघत होते.

आता दर गुरुवारी डॉक्टरीणबाई कात्री घेऊन रोपं छाटायला येतात. डॉक्टर बरोबर येतात, स्टुलावर बसतात, इथून काप, तिथून नको, सांगतात. जुना नवस फिटला. बाईंनी नवा केला आहे : घरात वीतभर तरी जागा अशी ठेवायची, जी धुवायची नाही, उकळायची नाही, पुसायची नाही; तिथे जे न दिसणारं आहे त्याला त्याचं काम करू द्यायचं. छाटणी आटोपली की बाहेरच्या बाकावर जो बसला असेल त्याच्याशेजारी त्या टेकतात आणि सगळी हकीकत सांगतात, शिजलेल्या मातीसकट. शेवटी हात जोडून म्हणतात, "तुम्हीही करा हो हा एवढा नवस. वीतभरच जागा. करणार ना?"

आजवर एकानेही नाही म्हटलेलं नाही, असं त्या अभिमानाने सांगतात. कसं म्हणतील? सगळ्यांच्या तोंडात कापूस असतो.